विहिरीला पाणी आहे तोवर

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळची स्टँडअप मीटिंग चालू असताना दादाचा फोन आला. दादा कामाच्या वेळी कधीच फोन करत नाही. ऑफिसात फोन घेतला की पगार कापतात, असा त्याचा पक्का समज आहे. त्यामुळे काहीतरी वाईट घडलं असणार असं धरून मी माइक म्यूट केला आणि फोन उचलला.

"पोराचं काय करायचं? दहावी संपतीय. पाठवू का तुझ्याकडं पुण्याला? क्लासवाले म्हणत्यात आत्ता नाव घातलं तर फी कमी बसंल."

मी म्हटलं, बघू.

"बघू काय त्यात? तू गेलास म्हणून तर झालं ना."

दादा माझा चुलतभाऊ. माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. नारायणगावजवळ आमची शेती आहे. टोमॅटो, कांदा, थोडा ऊस, आणि उसात अधूनमधून बिबट्या. दहावीनंतर मला पुण्यात अकरावीला आणि क्लासला घालायचं ठरलं तेव्हा घरात पैसे नव्हते. दादानं दुभती जर्शी गाय विकली. ही गोष्ट त्यानं मला कधी ऐकवली नाही. वहिनींनी एकदा बोलता बोलता सांगितली. तर अशा माणसाला 'बघू' म्हणणं सोपं नव्हतं. पण त्या दिवशी तोंडून 'हो' निघेना. आणि का निघेना, हे त्याला सांगायचं तर आधी दीर्घिकांबद्दल बोलावं लागलं असतं.

झालं असं होतं की गेल्या पावसाळ्यात माझी ऑन-कॉल ड्युटी सलग लागली होती. रात्री दोनला सर्व्हर पडणार, अलार्म वाजणार, आपण उठणार, सर्व्हर उभा करणार. नंतर झोप येत नाही. अशा वेळी मी मोबाइलवर 'गॅलेक्सी झू' उघडायला लागलो. २००७ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प आहे. दुर्बिणीनं टिपलेले लाखो दीर्घिकांचे फोटो शास्त्रज्ञांना एकेक बघणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी ते लोकांपुढे टाकले. तुम्ही फोटो बघायचा आणि सांगायचं: ही गुळगुळीत आहे की चकतीसारखी? हिला सर्पिल हात दिसतात का? सुरुवातीच्या संचातच जवळपास नऊ लाख दीर्घिका होत्या. आपली आकाशगंगा ही अशीच एक दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांची, आणि अशा दीर्घिका विश्वात अब्जावधी. रील्स बघण्यापेक्षा हे बरं, एवढाच माझा विचार होता.

शंभरेक फोटो झाले की डोळ्याला एक गोष्ट कळायला लागते. हातवाल्या, चकतीच्या दीर्घिका बहुतेक निळसर असतात आणि गुळगुळीत, अंड्यासारख्या दीर्घिका पिवळट-लाल. कारण तसं सरळ आहे. मोठे, तापलेले, निळे तारे अल्पायुषी असतात. काही कोटी वर्षांत संपतात. छोटे लाल तारे मात्र अब्जावधी वर्षं मंद तेवत राहतात. म्हणजे एखादी दीर्घिका निळी दिसते आहे, तर तिथे अगदी अलीकडेपर्यंत तारे जन्मत होते. नवे तारे जन्मायचे थांबले की आधी निळे विझतात आणि मागे लाल उरतात. दीर्घिका काळी पडत नाही, चमकतच राहते. फक्त तिच्यात नवं काही होत नसतं.

मग प्रश्न येतो: थांबतं का?

१९८० साली अ‍ॅलन ड्रेसलर या खगोलशास्त्रज्ञानं पंचावन्न दीर्घिकासमूहांमधल्या सुमारे सहा हजार दीर्घिकांची वर्गवारी केली. दीर्घिकासमूह म्हणजे क्लस्टर. (क्लस्टर म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी पडलेले सर्व्हरच येतात, त्याला इलाज नाही.) त्यानं प्रत्येक दीर्घिकेच्या आसपास किती गर्दी आहे ते मोजलं. जे दिसलं ते असं: विरळ भागात दहातल्या साधारण आठ दीर्घिका सर्पिल, जिवंत. समूहाच्या पोटात, जिथं सगळ्यात जास्त दाटी, तिथं दहातली जेमतेम एक. बाकी सगळ्या गुळगुळीत लंबवर्तुळाकार, नाहीतर भिंगासारख्या: चकती आहे, पण हात नाहीत आणि नवे तारेही नाहीत.

रात्री अडीच वाजता हे वाचून मी उठून बसलो. कारण मला लहानपणापासून याच्या बरोबर उलटं सांगण्यात आलं होतं. इथं राहून काय होणार? पुण्यात जा. चार हुशार पोरांच्यात रहा. गर्दीत घासला गेलास की चमकशील. आणि इथे हा माणूस सहा हजार दीर्घिका मोजून सांगतोय की गर्दीतल्या विझल्यात आणि माळावरच्या पेटत्या आहेत.

इंजिनिअर माणसाला उपमेवर विश्वास ठेवायचा नसतो. आधी यंत्रणा कळायला हवी. म्हणून मी नीट वाचायला बसलो.

आपल्या सर्वांत जवळचा मोठा समूह कन्या राशीच्या दिशेला आहे, साधारण साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर. हजाराहून जास्त दीर्घिका. मध्यभागी एम८७ नावाची प्रचंड दीर्घिका; २०१९ मध्ये ज्या कृष्णविवराचा नारिंगी कड्यासारखा फोटो सगळ्यांच्या स्टेटसवर होता, ते तिच्या पोटातलं. तर अशा समूहात दीर्घिकांमधली जागा रिकामी नसते. तिथं वायू भरलेला असतो, कोट्यवधी अंश तापमानाचा, पण इतका विरळ की एक लिटरच्या बाटलीत जेमतेम एखाद-दोन कण यावेत. म्हणाल, याचा काय त्रास होणार? पण त्यातून दीर्घिका सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास वेगानं जात असते. पुणे-नाशिक हायवेवर वारा पडलेला असतानासुद्धा बाइक ऐंशीवर नेली की गळ्यातलं उपरणं मागे फडफडायला लागतं, तसं. मान जागेवर राहते, उपरणं उडून जातं. दीर्घिकेत तारे म्हणजे मान. ते लहान, घट्ट आणि एकमेकांपासून फार लांब, त्यांना वारा लागत नाही. उपरणं म्हणजे हायड्रोजन वायू, ज्याच्यापासून पुढचे तारे व्हायचे असतात. जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी १९७२ मध्ये याचं गणित मांडलं: दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट, दाब चौपट.

याचे फोटोही आहेत. कन्या समूहातली एनजीसी ४५२२ बघा. ताऱ्यांची चकती शाबूत, आणि वायू एका बाजूला ढकलला जाऊन बाहेर लोंबतोय. ईएसओ १३७-००१ ही तर त्याहून भयंकर देखणी. तिच्यामागे तापलेल्या वायूची शेपटी दोन लाखांहून जास्त प्रकाशवर्षं लांब आहे, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या रुंदीच्या दुपटीच्या आसपास. अशा दीर्घिकांना जेलीफिशची उपमा देतात. गंमत म्हणजे त्या सुटलेल्या शेपटीतही जागोजागी वायू थंड होऊन नवे तारे जन्मतात. घराबाहेर, वाऱ्यावर, कुठल्याच दीर्घिकेत नसलेले. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीनंही एका जेलीफिश दीर्घिकेच्या शेपटीतले असे ताजे तारे टिपलेत.

समूहात आणखीही बरंच काही होतं आणि त्याला शास्त्रज्ञांनी ठेवलेली नावं वाचून मला वाटलं, ही मंडळी नक्की होस्टेलवर राहिलेली असणार. शेजारून सुसाट जाणाऱ्या दीर्घिकांचे वारंवार बसणारे हिसके: याला 'छळ' म्हणतात. मोठ्या दीर्घिकेनं छोटी गिळणं: 'नरभक्षण'. समूहात पोचायच्या आधीच वाटेतल्या छोट्या टोळक्यांत वायू गमावणं, यालाही एक नाव आहे, 'पूर्वप्रक्रिया'. म्हणजे आठवीपासूनची फाउंडेशन बॅच. आणि एक आहे 'उपासमार'. मला खरं तर या उपासमारीबद्दलच सांगायचं आहे.

अठ्ठावीस फेब्रुवारीला मी गावी गेलो. विज्ञान दिनाला खोडदची दुर्बीण लोकांना बघायला खुली असते आणि पुतण्याच्या शाळेनं प्रदर्शनात मॉडेल मांडलं होतं. जीएमआरटी म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. पण आमच्याकडे हे नाव कोणी घेत नाही, नुसतं 'डिश' म्हणतात. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश. चौदा मध्यभागी, बाकीच्या सोळा इंग्रजी वायच्या आकारात तीन दिशांना पसरलेल्या, साधारण पंचवीस किलोमीटरच्या टापूत. त्यातली एक आमच्या रानापासून चार शेतं सोडून. दादाचे वडील, आमचे तात्या, पायाच्या कामावर रोजानं जायचे. आमच्या शेळ्या तिच्या सावलीत चरल्यात. लहानपणी मला वाटायचं, प्रत्येक गावाला अशी डिश असतेच, जसं मारुतीचं देऊळ असतं.

दादा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होता तेव्हा तात्या गेले आणि त्याचं कॉलेज सुटलं. पण रात्री पाणी धरायला जाताना तो मला बरोबर न्यायचा आणि बांधावर बसून तारे दाखवायचा. मृग, रोहिणी, सप्तर्षी. मी एका दोनशे पानी वहीत आकाशाची चित्रं काढायचो, तारीख आणि वेळ टाकून. दादा तपासायचा. "चंद्र उलटा काढलास."

प्रदर्शन बघून झाल्यावर आम्ही तिघं रानात गेलो. दादा ठिबकच्या नळ्या तपासत होता आणि मी त्याला समूहातल्या दीर्घिकांबद्दल सांगत होतो. खरं तर मला पोराचा विषय टाळायचा होता. वाऱ्यानं वायू उडून जातो ते सांगितलं. मग म्हटलं, पण दरवेळी असं उघड ओरबाडणं होत नाही. दीर्घिकेच्या आत जेवढा वायू असतो तो तिला जन्मभर पुरणारा नसतोच. आपल्या आकाशगंगेत वर्षाला साधारण एक-दोन सूर्यांएवढ्या वस्तुमानाचे नवे तारे होतात. जवळचा साठा एवढाच आहे की बाहेरून भर पडली नाही तर काही अब्ज वर्षांत तो संपेल. पण दीर्घिकेभोवती लांबवर पसरलेला विरळ वायू हळूहळू आत झिरपत राहतो. दीर्घिका समूहात शिरली की आधी हा बाहेरचा वायू जातो. आतल्याला कोणी हातही लावत नाही.

दादा वर न बघता म्हणाला, "म्हणजे आवर्तन बंद झालं."

मी थांबलो.

"कालव्याचं आवर्तन बंद झालं तरी पीक लगेच कुठं वाळतंय? विहिरीला पाणी आहे तोवर रान हिरवंगार दिसतं. रस्त्यानं जाणाऱ्याला काय कळतंय? ज्याची विहीर आहे त्यालाच कळतं, दोर किती खाली सोडावा लागतोय ते."

खगोलशास्त्रात ही कल्पना १९८० मध्येच मांडली गेली. रिचर्ड लार्सन, बीट्रिस टिन्स्ली आणि नेल्सन कॉल्डवेल या तिघांच्या निबंधात. तिचा भक्कम पुरावा यायला मात्र बरीच वर्षं गेली. २०१५ मध्ये यिंगजी पेंग आणि त्याच्या केंब्रिजमधल्या सहकाऱ्यांनी आपल्या परिसरातल्या सव्वीस हजारांहून जास्त दीर्घिकांमधल्या ताऱ्यांची घडण तपासली. ताऱ्यांच्या पोटात जड मूलद्रव्यं तयार होतात आणि तारे मरताना ती वायूत मिसळतात. बाहेरून ताजा वायू येत असेल तर मिश्रण पातळ राहतं. येत नसेल तर उरलेल्या वायूतून तारे होतच राहतात आणि जड मूलद्रव्यांचं प्रमाण चढत जातं. आमटीत पाणी घालायचं थांबवून ती चुलीवर तशीच ठेवली की खारट होत जाते, तसं. वायू एकदम उडून गेला असता तर आमटी खारट व्हायला वेळच मिळाला नसता. पण बहुतेक विझलेल्या दीर्घिका खारट निघाल्या. म्हणजे पुरवठा तुटल्यावर त्या हळूहळू, सरासरी चार अब्ज वर्षं घेऊन विझल्या होत्या. आपल्या सूर्याचं वय साडेचार अब्ज वर्षांच्या आसपास आहे, यावरून अंदाज करा.

आणि ज्या डिशखाली आमच्या शेळ्या चरल्या, त्याच तीस डिशनी २०२० मध्ये याच जातीचं एक मोठं उत्तर दिलं. आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन. एकेका दीर्घिकेचा संदेश इतका क्षीण की ऐकूच येत नाही. पुण्याच्या संशोधकांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकावर एक रचले, तेव्हा कुठे तो दिसला. कळलं असं, की त्या काळच्या दीर्घिकांकडे वायू भरपूर होता, पण तारे इतक्या झपाट्यानं होत होते की तो एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. त्यानंतर विश्वभर तारे जन्मायचं प्रमाण घटत गेलं, कारण तेवढी नवी भर पडली नाही. तो समूहांचा नव्हे, सगळ्या विश्वाचा हिशेब होता. पण दोर खाली खाली जाण्याची गोष्ट तीच.

आता माझं. अकरावीला मी पुण्यात आलो. क्लास, कॉलेज, परत क्लास, टेस्ट सिरीज. मग इंजिनिअरिंग, मग कॅम्पस, मग हिंजवडी. कोणी माझं काही हिरावून घेतलं नाही. कुणी मारलं नाही, छळलं नाही. मार्क चांगले पडले, पगार वाढत गेला, घरी फ्रिज आला, वहिनींना मिक्सर. गावाकडून बघणाऱ्याला मी हिरवागार दिसत होतो. त्या मुक्कामात घरचा माळा धुंडाळून मी ती दोनशे पानी वही काढली. शेवटची नोंद अकरावीच्या दिवाळीतली. नंतरची पानं कोरी. ती बंद करायचं मी कधी ठरवलं नव्हतं. कुठल्या दिवशी थांबलं ते आठवतही नाही, आणि दहा-अकरा वर्षं लक्षातही आलं नाही. त्या वेळी शिकलेल्या गणितावर, त्या वेळी लागलेल्या सवयींवर मी आजवर काम करत आलो आहे. भर काय पडली, असं स्वतःला विचारलं तर तीन नवी फ्रेमवर्क, एवढंच सांगता येईल.

पण हे लिहितानाच मला खटकतं. कारण पुढचं वाक्य सोपं आहे: शहर वाईट, गाव चांगलं. आणि ते खोटं आहे.

एक तर दाट जागा कायमच्या थंड नव्हत्या. आज ज्या समूहांच्या पोटात विझलेल्या लंबवर्तुळाकार दीर्घिका आहेत, तिथेच विश्वाच्या तरुणपणी तारे जन्मायची सगळ्यात मोठी धामधूम होती. त्यांनी आपलं बहुतेक काम लवकर आणि झपाट्यानं उरकलं. उलट विश्वातल्या ओसाड पोकळ्यांमध्ये ज्या दीर्घिका सापडतात त्या निळ्या असतात, वायूनं भरलेल्या, अजून तारे घडवणाऱ्या. पण त्या बहुतेक लहानखुऱ्या असतात आणि सगळं सावकाश करतात. कुणाला काय हवं, हा प्रश्न दीर्घिकांना पडत नाही. आपल्याला पडतो.

दुसरं असं की, याच पेंगनं २०१० मध्ये सहकाऱ्यांबरोबर एक फार स्वच्छ गोष्ट दाखवली होती. दीर्घिका थांबण्याची दोन कारणं वेगवेगळी काढता येतात. एक तिचं स्वतःचं वजन: फार जड दीर्घिका कुठेही असो, माळावर असो की गर्दीत, ती थांबतेच. दुसरं परिसर. आणि परिसराचा फटका खरा दिसतो तो हलक्या दीर्घिकांत, मोठ्यांच्या भोवती फिरणाऱ्यांत. एक-दोन पेपर वाचून मी खूश झालो होतो, की चला, दोन स्वतंत्र व्हेरिएबल. मग स्वतःवर लावायला गेलो आणि अडकलो. माझी वही परिसरानं थांबवली की माझ्यातच तेवढं होतं? माझ्या बॅचची दोन पोरं त्याच क्लासात, त्याच होस्टेलवर राहून आज संशोधन करतायत.

आणि टिन्स्ली. 'उपासमारी'च्या निबंधातलं ते मधलं नाव. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती अमेरिकेत डॅलसला आली. तिथे तिला तिच्या योग्यतेचं काम मिळेना. तीनशे किलोमीटरवरच्या ऑस्टिनला ये-जा करत १९६७ मध्ये तिनं पीएच.डी. केली, आणि दीर्घिका काळाबरोबर बदलतात हे गणितानं मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांत तिचं नाव झालं. तरी डॅलसमध्ये पुढचं दार उघडेना. शेवटी घटस्फोट घेऊन, दोन मुलांना नवऱ्याकडे ठेवून ती येलला गेली. तिथे १९७८ मध्ये प्रोफेसर झाली. १९८१ मध्ये कर्करोगानं वारली, वय चाळीस. पुरवठा तुटला की काय होतं यावरचा तो निबंध तिच्या शेवटच्या वर्षांतला. तिनं डॅलस सोडलं नसतं तर? आणि सोडताना जे मागे राहिलं, त्याचं काय? ही बाई माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही.

त्या संध्याकाळी शेवटी विषय निघालाच. मी म्हटलं, "दादा, अकरावी नारायणगावलाच करू दे. मी दर दुसऱ्या शनिवारी येतो. गणित मी बघतो."

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू निघालास तेव्हा मी तुला थांबवलं होतं का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. मी जे नको म्हणत होतो ते माझ्या पदरात पडलेलं होतं, आणि ते त्यानं पदरमोड करून दिलेलं. त्याचं पोर म्हणजे त्याच्या हातून सुटलेली दुसरी-तिसरी वर्षं. पुण्याच्या फ्लॅटात बसून त्याला 'गावातच बरं' सांगणारा मी कोण?

वहिनी चहा घेऊन आल्या. "भाऊजी, तुम्ही दोघं ठरवताय, पोराला इच्चारलंय का कुणी?"

नव्हतं विचारलं. पोरगा ओट्यावर बसून जुना रेडिओ उघडत होता. हे त्याचं नेहमीचं. गावातले बंद पडलेले रेडिओ, चार्जर, साउंडबॉक्स त्याच्याकडे येतात. शाळेच्या प्रदर्शनातलं मॉडेलही त्याचंच होतं, डिशचं, कोंबड्यांच्या जाळीचं. सकाळी खऱ्या डिशखाली उभं राहून त्यानं मला विचारलं होतं, "काका, ही पत्र्याची का नाही केली?" मी सांगितलं की लहरी लांब असतात, त्यांना जाळीची भोकं दिसतही नाहीत, म्हणून गोविंद स्वरूप यांनी बारीक तारांची, हलकी डिश केली. तो मान वर करून बघत राहिला. "आणि वाऱ्याला आरपार जाता येतं. पत्र्याची असती तर वाऱ्यानं पाडली असती." हे मी त्याला सांगितलं नव्हतं.

तर त्याला विचारलं. त्यानं रेडिओवरून डोळे न काढता सांगितलं, "आधी येऊन बघतो."

मे महिन्यात तो आला. दादानं त्याला एसटीत बसवलं, मी नाशिक फाट्यावर उतरवून घेतलं. पाठीवर सॅक, हातात पिशवी. पिशवीत वहिनींनी दिलेले कांदे, आणि कांद्यांखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला अर्धा रेडिओ. आठवडाभर तो डेमो क्लासला गेला. एका हॉलमध्ये दोनशे पोरं, एसी, माइक लावलेले सर. आल्यावर मी विचारायचो, कसं वाटलं? "शिकवतात भारी," तो म्हणायचा. मग जेवायचा आणि बाल्कनीत रेडिओ घेऊन बसायचा. तिथून तारे फारसे दिसत नाहीत, समोरच्या टॉवरचे दिवे दिसतात.

शनिवारी दुपारी दादाचा फोन आला. मी क्लासचा विषय काढणार तेवढ्यात तोच म्हणाला, "आवर्तन सुटलंय काल. रात्री पाणी आहे. त्याला सांग, त्याचं ते मोटरचं स्टार्टर मला नीट बसवता येईना." मी फोन पोराकडे दिला. तो बराच वेळ बाल्कनीत हातवारे करत बापाला वायरी समजावत होता.

फोन ठेवून आत आला आणि म्हणाला, "काका, तुमच्याकडं सोल्डरिंग गन आहे का?"

नव्हती. इंजिनिअरिंगची पदवी असलेल्या माणसाच्या घरात नव्हती. आम्ही बाइक काढली आणि बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाची ती गल्ली त्यानं पहिल्यांदाच पाहिली. दोन्ही बाजूंना डब्यांमध्ये किलोंनी रेझिस्टर, वायरींची भेंडोळी, ट्रान्सफॉर्मर, उघडे स्पीकर. तो पहिल्याच दुकानापाशी थांबला आणि पुढे सरकेना. मागून हमाल ओरडत होते, गर्दीत धक्के बसत होते. दुकानदारानं विचारलं, काय पाहिजे? त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. पेन्सिलनं काढलेलं सर्किट होतं आणि कोपऱ्यात, माझ्या वहीत असायची तशी, तारीख आणि वेळ.

"हे सगळं मिळंल का?" त्यानं विचारलं.

दुकानदारानं कागद उजेडात धरला. "यातलं दोन नंबरचं नाही. ते पलीकडच्या दुकानात बघ. बाकी देतो."

मी पाकीट काढलं आणि त्याच्या मागे उभा राहिलो.